पंधराचा वर्ग : मुक्ती मिशनमधल्या शास्त्राभ्यास गटांची वाटचाल

केडगावच्या माळावर मुक्ती मिशन उभे राहिले, त्याच्या पंधराएक वर्षे आधीची हकिकत. आसामातल्या सिल्चर गावी विपिनबिहारी मेधावी नावाचे बंगाली वकील राहत होते. त्यांची पत्नी चित्पावन घराण्यातली. कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवले, ती रमाबाई. घरातली पुस्तके चाळताना तिला लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. ती तिथे कशी आली, हे तिला ठाऊक नव्हते. गावात ॲलन नावाचे बाप्टिस्ट मिशनरी होते. ते अधूनमधून घरी येत आणि त्यांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय रमाबाईंना उलगडून सांगितला. पुराणांतल्या सृष्टिकथांहून ही कथा इतकी निराळी वाटली, की त्या कुतूहलाने ऐकत राहिल्या. विपिनबाबू स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले, बायबल त्यांना चांगले माहीत. पण आपल्या पत्नीने चारचौघांत बाप्तिस्मा घ्यावा, ही कल्पना त्यांना मुळीच रुचली नाही. एक समजावणारा, एक ऐकणारी आणि एक नाराज. शास्त्राभ्यासाच्या कुठल्याही गटात ही तीन माणसे आजही हमखास भेटतात.

१८८२ च्या फेब्रुवारीत विपिनबाबू पटकीने गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्याला आल्या.

मुक्ती मिशनविषयी लिहिताना दुष्काळ, इमारती, शेती आणि परदेशातून आलेली मदत यांवर भरपूर लिहिले जाते, आणि ते योग्यही आहे. या स्मरणिकेसाठी मी मात्र एकच धागा धरला आहे : काहीजणी गोल करून बसल्या, मध्ये पुस्तक उघडले आणि ‘याचा अर्थ काय?’ असे एकीने विचारले, ही पद्धत केडगावात कशी आली, कशी वाढली आणि तिथून कुठवर गेली. माझ्या मते मुक्तीचा खरा कणा तोच आहे. देऊळ १८९९ नंतर बांधले गेले. गट त्याच्या आधीपासून होते.

रमाबाईंच्या घरी ग्रंथवाचन पिढीजात होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला. मग तिने मुलीला शिकवले. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थांच्या गावी फिरले, देवळांत पुराणे वाचून मिळेल त्यावर जगले. वाचन संस्कृतात चाले. समोर बसलेल्यांपैकी थोड्यांनाच ते कळत असेल, पण अर्थ सांगत बसण्याची रीत या कुटुंबाने ठेवली नव्हती. शब्द कानांवर पडले की पुण्य लाभते, अशी वाचणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची दोघांचीही समजूत. १९०७ मध्ये लिहिलेल्या साक्षीत रमाबाईंनी हे सारे स्वतःच सांगितले आहे, आणि सांगताना घरच्यांवर राग काढलेला नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. भाऊ श्रीनिवास आणि रमा तेवढे उरले. पुढे केडगावला जे घडले, त्याकडे बघताना ही दोन टोके लक्षात ठेवावी लागतात : न समजता ऐकलेले हजारो श्लोक आणि उपासमार.

पुण्यात रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, तो १८८२ मध्येच. त्याच दिवसांत हरफर्डबाई नावाच्या मिशनरी स्त्री त्यांना नियमाने मराठी नवा करार शिकवायला येत. फादर नेहेम्या गोऱ्हे, म्हणजे पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, यांच्याशीही बोलणी झाली. शास्त्री घराण्यातली बाई आणि शास्त्री घराण्यातला पाद्री यांच्यातला वाद कसा झाला असेल, याची कल्पना करायला आवडते. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथील भगिनीसंघाच्या छत्राखाली मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला, पण प्रश्न विचारणे थांबले नाही. वाँटेजच्या संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आज छापील स्वरूपात वाचायला मिळतो. त्रैक्य, ख्रिस्ताचे देवत्व, इंग्लंडच्या मंडळीचा अधिकार, एकेका मुद्द्यावर रमाबाई अडून बसतात. शास्त्र मी स्वतः वाचणार आणि माझ्या सदसद्विवेकाला जे पटेल तेच मानणार, असा त्यांचा सूर. एका पुरोहितशाहीचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसरे मानेवर घ्यायचे नाही, अशा अर्थाचे त्या स्पष्ट लिहितात. चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, असा विषय निघाला तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. भारतात भरसभेत पुरुषांसमोर व्याख्याने दिलेल्या बाईला ही अडवणूक कशी वाटली असेल, ते पत्रांतून कळते. शास्त्र शिकवण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांच्यापुरता तिथे सुटला नाही. तो केडगावला सुटला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा, दहा वर्षांच्या बोलीने. गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे, या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. सदन १८९० मध्ये पुण्याला आले. सदनात धर्माचा तास नव्हता. पण रमाबाई आपल्या खोलीत लेकीबरोबर बायबल वाचीत, प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. ते लावून घ्यायला त्या तयार नव्हत्या. मुली दाराशी येऊन उभ्या राहू लागल्या, मग आत येऊन बसू लागल्या.

या उघड्या दारावरून १८९३ मध्ये पुण्यात जे रण माजले, ते सर्वश्रुत आहे. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, ‘केसरी’ने झोड उठवली आणि पंचवीसच्या आसपास मुली घरच्यांनी काढून नेल्या. विधवा मुलींना विश्वासाने पाठवणाऱ्या पालकांची बाजू खोटी नव्हती, हे मान्य केल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. रमाबाईंची बाजूही तितकीच खरी होती : मुलींना आपापल्या धर्माचे आचार पाळण्याची मोकळीक होती, मग मला माझा का पाळता येऊ नये? तटस्थपणाचा अर्थ दोन्ही पक्षांनी वेगळा लावला होता. तो आधी कागदावर नीट उतरवला असता, तर अर्धे भांडण वाचले असते.

ज्या राहिल्या, त्यांतूनच पहिला गट झाला. १८९० च्या दशकाच्या मध्याला लोणावळ्यात ख्रिस्ती लोकांची शिबिरे भरत. रमाबाई तिथे आपल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या होत्या. पुढच्या एका शिबिरात पहाटे त्या रानात एकट्याच प्रार्थनेला गेल्या आणि या पंधरांच्या संख्येचा वर्ग कर, असे देवाला मागणे घातले. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. सदनात तेव्हा पन्नासभर मुली होत्या, जागा त्याहून थोड्याच अधिक जणींची. हिशेबाने बोलायचे तर मागणे वेडेपणाचे होते. १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी ज्यातून त्या स्वतः वाचल्या, तेच पुन्हा समोर आले. रमाबाई तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. तोच पुण्यात प्लेग शिरला. शहरात इतक्या जणींना एकत्र ठेवता येईना, म्हणून सगळा लवाजमा दौंडच्या अलीकडे केडगावला, आधी घेऊन ठेवलेल्या शंभर एकर जमिनीवर हलवला. तंबू, झोपड्या, विहिरी. मुक्ती सदन असे सुरू झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

आता या दोन हजारांचे करायचे काय? जेवण, औषध, कपडे यांची व्यवस्था लागते, पण शिकवायचे कोणी? आलेल्या मुली निरक्षर, भुकेने खंगलेल्या, काहींनी रस्त्यावर नको ते भोगलेले. बोली मराठी, हिंदी, गुजराती, सगळ्यांची सरमिसळ. एवढ्यांसमोर एकाने उभे राहून व्याख्यान द्यावे, तर पुन्हा तेच : कानांवर शब्द पडणार. रमाबाईंनी केले ते असे, की शारदा सदनात शिकून तयार झालेल्या तरुण विधवांच्या हाती नव्या मुलींचे जथे सोपवले. चार वर्षांपूर्वी जी स्वतः ‘ग म भ न’ गिरवीत होती, ती आता शिक्षिका झाली. एकेका जथ्याला एक मोठी बाई. त्या मुलींचे न्हाणे-धुणे, आजार, भांडणे, अक्षरओळख आणि बायबलाचा पाठ, सगळे तिच्याकडे. ब्राह्मण घरातल्या बाईने दुष्काळातून आलेल्या कुठल्याही जातीच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढायच्या आणि मग तिला योहानाचे शुभवर्तमान वाचून दाखवायचे, यात जे सामाजिक परिवर्तन होते, त्याला त्या काळी कोणी परिवर्तन म्हटले नाही. काम होते, ते केले. अंध स्त्रियांसाठी बर्तमी सदन निघाले, तिथे पाठांतराने अभ्यास चाले. रमाबाईंच्या बालपणातले मुखोद्गत करणे तिथे वेगळ्या कारणासाठी परत आले.

१८९८ मध्ये मिनी एब्रम्स येऊन मिळाल्या. या अमेरिकन मेथॉडिस्ट बाई दहाएक वर्षे मुंबईत काम करत होत्या. रमाबाई अमेरिकेला गेल्या तेव्हा केडगावचा भार त्यांच्यावर आणि सुंदराबाई पवार यांच्यावर होता. एब्रम्सबाई मेथॉडिस्ट असणे, हा या इतिहासात किरकोळ तपशील नाही. मेथॉडिस्टांना गटाची सवय जन्मापासूनची. १७४२ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टल येथे जॉन वेस्लीच्या अनुयायांवर सभागृहाचे कर्ज होते. दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करायची, बाराजणांमागे एक माणूस नेमायचा, असे ठरले. वसुलीला घरोघर जाणाऱ्यांना घराघरांतले हाल दिसू लागले. मग त्याच बाराजणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावे, आपापली स्थिती सांगावी आणि एकमेकांसाठी प्रार्थना करावी, असा परिपाठ पडला. ख्रिस्ती जगातली एक मोठी प्रथा कर्जवसुलीतून निघाली, हे आपल्या मंडळ्यांच्या खजिनदारांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. केडगावला बायबल शाळा उभी करण्यात एब्रम्सबाईंचा वाटा मोठा होता. पण जथ्यांची घडी त्यांच्या येण्याआधीच बसली होती.

१९०२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी अमेरिकन सुवार्तिक आर. ए. टॉरी यांच्या मोठ्या सभा झाल्या. सभांची तयारी म्हणून शहरभर घराघरांतून लहान लहान प्रार्थना गट बसवले होते. दीडदोन हजार घरे या कामाला लागली होती. ही बातमी केडगावला पोचली. रमाबाईंना सभांहून त्या घरांचे कौतुक अधिक वाटले असावे. कारण त्यांनी मनोरमा आणि एब्रम्सबाई यांना ऑस्ट्रेलियाला पाठवले, आणि त्या परतल्यावर मुक्तीत काय सुरू झाले? मंडप नाही, वक्ता नाही. गट सुरू झाले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींसमोर शब्द टाकला : संजीवन, म्हणजे विश्वासाला नवी जाग, यावे म्हणून रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल? सत्तरजणी पुढे आल्या. वेल्समधल्या आणि मग खासी टेकड्यांतल्या संजीवनाच्या बातम्या येत होत्या, तशी संख्या वाढत गेली. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा बसू लागल्या.

जूनमध्ये रमाबाईंनी आणखी एक मागणी केली. बायबल शाळेतल्या ज्या मुली इतर अभ्यास बाजूला ठेवून आसपासच्या खेड्यांत वचन सांगायला जातील, त्यांनी नावे द्यावीत. तीसजणींनी दिली. या तीसजणींचा वेगळा गट रोज जमू लागला. २९ जूनच्या पहाटे साडेतीनला त्यांच्यातल्याच एकीला असा अनुभव आला, की शेजारी झोपलेली मुलगी दचकून उठली. तिला वाटले, हिच्या अंगाला आग लागली आहे. ती खोलीच्या पलीकडे धावली, पाण्याची बादली उचलली आणि अंगावर ओतणार, इतक्यात आग नाही हे तिला दिसले. एब्रम्सबाईंनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. चमत्कारावर विश्वास ठेवणारे त्यात ज्वाळा पाहतात. मला त्या बादलीवाल्या मुलीचे फार कौतुक वाटते. तिने आधी पाणी आणले, अर्थ नंतर लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीप्रमाणे शांतपणे योहानाच्या आठव्या अध्यायावर बोलत होत्या. एकाएकी सगळ्याजणी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले. पुढचे कित्येक दिवस रडणे, पापांची कबुली, चोरलेल्या वस्तू परत करणे, गाणे, हसणे, नाचणे, सगळे चालले. शाळेचे वर्ग बंद पडले. ज्या अध्यायावरून हे सुरू झाले तो कोणता, हे पाहण्यासारखे आहे : व्यभिचारात धरलेल्या स्त्रीला धोंडमार करायला आलेल्या पुरुषांची कथा त्याच अध्यायाच्या आरंभी आहे. मुक्तीच्या कृपा सदनात राहणाऱ्या, समाजाने टाकलेल्या बायकांनी तो अध्याय कोणत्या कानांनी ऐकला असेल, त्यावर प्रवचन झोडण्याची गरज नाही.

टीका झाली. ख्रिस्ती लोकांतूनच झाली. कोणी उन्माद म्हटले, कोणी शिस्तभंग. अनेक मिशनरी प्रत्यक्ष पाहायला आले. रमाबाई स्वतः शांत प्रकृतीच्या, पाश्चात्त्य आणि पौर्वात्य दोन्ही विद्यांत मुरलेल्या. त्यांना हा गोंगाट मनापासून आवडला असेल, असे वाटत नाही. तरीही ‘मुक्ती प्रेअर बेल’ या आपल्या पत्रिकेतून त्यांनी मुलींची पाठराखण केली. हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांनी देवाची भक्ती आपल्या रीतीने करावी, परदेशी वळणाचा हट्ट धरू नये, हा त्यांचा मुद्दा होता. वाँटेजला सिस्टर जेराल्डिनशी वीस वर्षांपूर्वी झालेला वादच त्या पुढे चालवत होत्या, फक्त आता बाजू मुलींची होती. १९०६ च्या अखेरीपासून काही मुली अन्य भाषांत प्रार्थना करू लागल्या, तेव्हाही त्यांनी तसे करण्याची सक्ती केली नाही आणि मनाईही केली नाही. त्या स्वतः अन्य भाषांत बोलल्या नाहीत.

संजीवन ओसरते, हे त्याच्या स्वभावातच आहे. गट टिकले, कारण त्यांना काम होते. गावोगाव जाण्यासाठी शेकडो मुलींनी नावे दिली, पाळ्या लागल्या आणि रोज काही तुकड्या आसपासच्या खेड्यांकडे निघू लागल्या. पायी, कधी बैलगाडीने, पिशवीत शुभवर्तमानाच्या प्रती. या प्रती मुक्तीच्याच छापखान्यात छापलेल्या. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामे तिथे बायकाच करीत. ख्रिस्ती घरांतून ज्यांना आपण ‘बायबल वुमन’ म्हणत आलो, त्या स्त्रिया अहमदनगर, पुणे, मुंबईच्या मिशनांतही होत्या. केडगावचे वैशिष्ट्य संख्येत होते. आणि दुसरे म्हणजे, पाठवणारीही बाईच होती. पाळकसाहेब नव्हते, कमिटी नव्हती, दीक्षा नव्हती. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळू लागली, ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या पर्वात. तोवर आपल्याकडच्या बहुतेक बायकांना वचन समजावून सांगण्याची एकच जागा होती : कोणाच्या तरी घरात पसरलेली चटई.

या वाटचालीत एक परदेशी वळण आहे. एब्रम्सबाईंनी १९०६ मध्ये संजीवनावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. शिकागोच्या प्रशिक्षण शाळेतली त्यांची एक वर्गमैत्रीण दक्षिण अमेरिकेत, चिली देशातल्या व्हालपारायसो बंदरात राहत होती. तिचे यजमान विलिस हूव्हर हे तिथल्या मेथॉडिस्ट मंडळीचे पाळक. १९०७ मध्ये पुस्तिका तिच्याकडे पोचली. हूव्हर नवराबायकोंनी ती वाचली, मंडळीत वाचून दाखवली, प्रार्थनेचे गट बसवले. १९०९ मध्ये तिथे संजीवन झाले. वरिष्ठांशी खटका उडून वेगळी मंडळी निघाली, आणि आज चिलीतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपला उगम तिथे शोधतात. केडगाव स्टेशनावर उतरणाऱ्या पुणेकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? चिलीतल्या लोकांनाही केडगाव नकाशावर दाखवता येणार नाही, हा भाग निराळा.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम म्हणजे संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, तेही पन्नाशीच्या आसपास, दोन हजार तोंडांची जबाबदारी अंगावर असताना. मराठी बायबल तेव्हा नव्हते असे नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये नवा करार छापला होता. अमेरिकन मराठी मिशनची आणि बायबल सोसायटीची भाषांतरे मंडळ्यांत चालू होती. रमाबाईंना ती संस्कृतप्रचुर वाटत. खेड्यातल्या बाईला ती समजत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईचे बालपण संस्कृतावर गेले, तिनेच संस्कृत शब्दांबाबत हात आखडता घेतला. विद्वानांनी या भाषांतराला नावे ठेवली आहेत. शब्दाला शब्द ठेवण्याच्या आग्रहाने वाक्ये अवघडतात, गद्याला लय राहत नाही, हे आक्षेप मला पटतात. उपासनेत व्यासपीठावरून ते वाचले तर अडखळायला होते. पण तेच पुस्तक घेऊन सहासातजणींच्या गटात बसा, एकेक ओवी वाचून थांबा, तर अडखळण्याच्या जागी प्रश्न निघतात. हे भाषांतर व्यासपीठासाठी केलेलेच नाही, असे माझे मत आहे. ते जथ्यातल्या मोठ्या बाईसाठी केले आहे, जिला उद्या सकाळी वीस मुलींसमोर बसायचे आहे आणि जिच्याजवळ टीकाग्रंथ नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. मुक्तीचा वारसा जिच्याकडे जायचा, ती चाळिशीत गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत केले. संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून १९२४ मध्ये बाहेर पडले. एका स्त्रीने संपूर्ण बायबलाचे एकहाती भाषांतर केल्याचे दाखले जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

रमाबाईंच्या मागे कारभार परदेशी भगिनींकडे गेला, पुढे भारतीयांकडे आला. संस्थेचा व्याप आटोपशीर झाला, नियम बदलले, सरकारी कायदे आले. त्या तपशिलासाठी याच स्मरणिकेत जागा असेलच, म्हणून मी त्यात शिरत नाही.

गटांची प्रथा मात्र केडगावच्या कुंपणाबाहेर केव्हाच पसरली होती, आणि तिचे श्रेय एकट्या मुक्तीला देणे अन्यायाचे होईल. मराठी मंडळ्यांत ‘कॉटेज मीटिंग’ हा शब्द मिशनच्या काळापासून रुळलेला आहे. आठवड्यातला एक दिवस ठरलेला, घराची पाळी लागलेली. शिरस्ताही बहुतेक ठिकाणी सारखाच : एक गीत, छोटी प्रार्थना, अध्याय ठरलेला, प्रत्येकाने दोन दोन ओव्या वाचायच्या. वाचता न येणाऱ्या आजींना शेजारचा नातू सांगतो आणि त्या मोठ्याने म्हणतात. मग चर्चा. चर्चेत प्रेषित पौलापासून नगरपालिकेच्या पाण्यापर्यंत काहीही येते. एखादे गृहस्थ दर वेळी प्रकटीकरणाच्या पुस्तकाकडेच वळतात, त्यांना यजमानीणबाई चहा पुढे करून थांबवतात. शेवटची प्रार्थना लांबते. २०२० च्या टाळेबंदीत देवळे बंद झाली, तेव्हा हेच गट फोनवर जमू लागले. ज्यांनी एरवी कधी तोंड उघडले नव्हते, अशा काहीजणी पडद्याआडून बोलू लागल्या. त्यातल्या कित्येक पुन्हा देवळात आल्यावर गप्प झाल्या, हे नोंदवणे मला भाग वाटते. मंडळीच्या वडीलजनांनी त्याचा विचार करावा.

वसईकडच्या कॅथलिक घरांत ही प्रथा उशिरा आली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर बायबल लोकांच्या हातात अधिक मोकळेपणाने गेले तेव्हा. तिथल्याच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा भाषांतर पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाने प्रॉटेस्टंट घरांतही प्रवेश केला. त्यामुळे अलीकडे एखाद्या गटात तीन बायबले एकत्र उघडलेली दिसतात : बायबल सोसायटीचे जुने ‘पवित्र शास्त्र’, दिब्रिटोंचे ‘सुबोध’ आणि एखाद्या घरात आजीकडून आलेले रमाबाईंचे. ओवी एकच, शब्दयोजना तीन. मग यातले बरोबर कोणते, यावर बोलणे सुरू होते आणि साडेआठला संपायची बैठक साडेनवाला संपते.